हॅट डोक्यावर केव्हा, हातात केव्हा आणि बाहेर केव्हा: १८८५ च्या लंडनमधले नाटक बसवणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक हौशी संस्था स्पर्धेसाठी इंग्रजी नाटकाचे मराठी रूपांतर बसवत आहे. काळ १८८५, स्थळ लंडन. दोन अंक एका सुखवस्तू घराच्या दिवाणखान्यात आणि एक प्रवेश रस्त्यावर. पात्रांत घरची मालकीण, तिची विधवा आई, लग्नाच्या वयाची मुलगी, तिच्याकडे येणारा तरुण, एक खासदार, एक कारकून, घरचा नोकर आणि बॅरिस्टर होण्यासाठी मुंबईहून आलेला एक विद्यार्थी. कोणाला कोणती हॅट द्यायची, ती केव्हा काढायची, काढल्यावर कुठे ठेवायची आणि कमी खर्चात कशी बनवायची, हे विचारले आहे.

माझा आग्रह आहे की हे उलट्या क्रमाने करा. म्हणजे हॅट बनवायच्या आधी संहिता घेऊन बसा आणि प्रत्येक पात्राच्या प्रत्येक प्रवेशापुढे लिहा: हॅट डोक्यावर, हातात, की बाहेर खुंटीवर. हॅटच्या कडेची वळण अर्धा सेंटिमीटर चुकली तर सातव्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिसत नाही. पण दिवाणखान्यात बाईंशी अदबीने बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यावर हॅट तशीच राहिली, तर सगळा प्रवेश खोटा पडतो, आणि का पडला हे प्रेक्षकाला सांगता आले नाही तरी त्याला ते जाणवते.

आपल्या नटांकडून ही चूक हमखास होते, कारण अदबीच्या आपल्या सवयी नेमक्या उलट्या आहेत. दुसऱ्याच्या घरात शिरताना आपला हात चपलेकडे जातो. पगडी किंवा पागोटे मात्र डोक्यावरच राहते. वडीलधाऱ्यांसमोर बोडक्याने जाणे हाच आपल्याकडे अपमान होता. इंग्रजाचे बूट पायातच राहत, डोके मात्र उघडे होई. ही सवय रंगीत तालमीला हॅट हातात देऊन येत नाही. पहिल्या तालमीपासून पुठ्ठ्याची का होईना, पण खऱ्या उंचीची आणि खऱ्या कडेची तालमीची हॅट नटाला द्या.

रस्त्याचा प्रवेश आधी घेऊ, कारण तिथले नियम सर्वांत कडक आणि सर्वांत दृश्य आहेत. ओळखीची स्त्री समोरून आली तर इंग्लंडमध्ये आधी तिने मान लवायची. तिने ओळख दाखवली की मगच पुरुषाने हॅट उचलायची. युरोपात इतरत्र पुरुष आधी अभिवादन करी. इंग्लंडमध्ये मात्र ओळख ठेवायची की नाही हा हक्क स्त्रीचा होता, आणि तिने नजर वळवली तर पुरुषाला हात हॅटपर्यंत नेण्याची मुभा नव्हती. तुमच्या नाटकात मुलीला त्या तरुणाचा राग आला आहे असा प्रसंग असेल, तर संवादाची गरजच नाही. तिने न पाहता पुढे जावे, आणि कडेपर्यंत गेलेला त्याचा हात तसाच खाली यावा.

हॅट कोणत्या हाताने उचलायची, यालाही नियम होता. ती ज्या बाजूने जाते त्याच्या विरुद्ध बाजूच्या हाताने. ती उजवीकडून जात असेल तर डाव्या हाताने, म्हणजे हात आणि हॅट तिच्या आणि त्याच्या चेहऱ्याच्या मध्ये येत नाही. नाटकात हे आणखी सोयीचे, कारण नटाचा चेहराही झाकला जात नाही. काठी त्या हातात असेल तर तिची अदलाबदल दोन-तीन पावले आधीच उरकलेली हवी. तोंडात सिगार असेल तर तो आधी काढायचा. हॅट पूर्ण डोक्यावरून उचलायची, थोडी पुढे आणायची आणि लगेच परत ठेवायची. छातीशी धरून कमरेत वाकणे हा मागच्या शतकातला प्रकार झाला. १८८५ च्या माणसाने तसे केले तर तो नाटकी वाटेल. उंच हॅट कडेला धरून उचलतात, नळ्याला, म्हणजे वरच्या उभ्या भागाला, पकडून नव्हे, कारण रेशमी लवेवर बोटांचे ठसे उमटतात. बोलायचे असेल तर त्याने तिला उभे करून ठेवायचे नाही. ती ज्या दिशेने चालली आहे त्या दिशेने वळून तिच्याबरोबर चालत बोलायचे. दिग्दर्शकाला ही आयतीच हालचाल मिळते.

पुरुष पुरुषाला भेटला तर मान हलवणे किंवा कडेला बोट लावणे पुरे. पण त्या मित्राबरोबर स्त्री असेल तर हॅट उचलायचीच, ती ओळखीची असो वा नसो. आपण एखाद्या स्त्रीबरोबर चाललो आहोत आणि तिने कोणाला मान लवली, तर आपणही हॅट उचलायची. नोकर किंवा मजूर मालकाला पाहून टोपीला बोट लावतो. मालक फार तर मान हलवतो. प्रेतयात्रा जाताना सगळेच हॅट काढतात. राणीचे गीत सुरू झाले तरीही. स्त्री मात्र कधीही हॅट उचलत नाही. तिचे अभिवादन मानेने.

आता दिवाणखाना. तुमच्या नाटकाचा जीव इथेच आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. इंग्रज ज्याला सकाळची भेट म्हणत, ती प्रत्यक्षात दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान होई आणि पंधरा-वीस मिनिटांत संपे. अशा भेटीला आलेला पुरुष ओव्हरकोट आणि छत्री बाहेरच्या हॉलमध्ये ठेवी, पण हॅट आणि काठी हातात घेऊन आत येई. आपल्याला हे विचित्र वाटते. त्यामागचा विचार असा, की हॅट बाहेर खुंटीला लावणे म्हणजे 'मी आता इथे राहणार' असे जाहीर करणे. ते घरच्या माणसाने करावे, किंवा जेवायला बोलावलेल्याने. पाहुण्याने हॅट हातात ठेवून आपण फार वेळ बसणार नाही हे आधीच सांगायचे.

म्हणून त्या तरुणाच्या पहिल्या प्रवेशात हॅट हातात हवी. डाव्या हातात, कारण उजवा हात मालकिणीशी हस्तांदोलनासाठी मोकळा लागतो, आणि हात तिने पुढे केला तरच त्याने घ्यायचा. उजवा हातमोजा आधीच काढून डाव्या हातात घेतलेला असावा. ऐन वेळी बोटे ओढत बसून तिला ताटकळत ठेवणे वाईट दिसते. हॅट धरताना तिचे उघडे तोंड आपल्या अंगाकडे ठेवायचे. आतले पांढरे अस्तर घामाने आणि तेलाने पिवळे पडलेले असते, ते समोरच्याला दाखवायचे नसते. मालकिणीला भेटून होईपर्यंत हॅट हातातच. मग बसल्यावर गुडघ्यावर, खुर्चीशेजारी जमिनीवर किंवा जवळच्या रिकाम्या खुर्चीवर. पियानोवर नाही, बाईंच्या शिवणकामाच्या टेबलावर नाही. खाली ठेवताना माथा खाली आणि कड वर, म्हणजे कडेची वळण दबत नाही. हातमोजे आत टाकता येतात.

शेवटच्या अंकात तोच तरुण मुलीचा वाग्दत्त वर झाला असेल, तर त्याला रिकाम्या हाताने आत येऊ द्या. हॅट बाहेर ठेवून आला, म्हणजे तो आता या घरचा झाला. एक वाक्यही न घालता नाते बदललेले दिसते. हेच उलटेही वापरता येते: भांडण झाल्यावर नोकराने बाहेरून त्याची हॅट आणून त्याच्या हातात दिली, तर त्याला घराबाहेर काढल्याचे सर्वांना कळते.

कारकुनाचे तसे नाही. तो मालकाचे कागद घेऊन आला आहे, भेटीला नव्हे. त्याने दारातच हॅट काढावी, दोन्ही हातांनी पोटाशी धरावी आणि 'बसा' म्हटल्याशिवाय बसू नये. हॅट कुठे ठेवायची हा प्रश्न त्याला पडतच नाही, कारण ती ठेवण्याइतका वेळ त्याला दिलेला नाही. रात्रीच्या जेवणाला आलेल्या सर्व पुरुषांच्या हॅट बाहेर नोकराने घेतलेल्या असतात, म्हणून त्या प्रवेशात रंगमंचावर एकही हॅट दिसू नये. नाच किंवा ऑपेरा असेल तर दाबून चपटी करता येणारी हॅट काखेत धरून आत नेता येते. आत पोलादी स्प्रिंगा, वर मंद काळे कापड. पॅरिसच्या गिबूस घराण्याच्या नावाने ती ओळखली जाई. दुपारच्या भेटीला ती वापरलेली दिसली तर चूक समजा.

खासदाराबद्दल स्वतंत्रपणे विचारले आहे. तो आपल्या सभागृहाबद्दल बोलतो, म्हणून तिथली रीत त्याच्या अंगात मुरलेली दिसली पाहिजे. हाउस ऑफ कॉमन्समध्ये सदस्य बाकावर हॅट घालून बसत आणि बोलायला उठताना ती काढत. जागा राखायची तर बाकावर हॅट ठेवून जायचे. मतविभागणी चालू असताना हरकतीचा मुद्दा मांडायचा असेल तर उलटे: बसून आणि हॅट घालूनच बोलावे लागे. ही रीत १९९८ पर्यंत टिकली, त्यासाठी सभागृहात एक चपटी होणारी हॅट ठेवलेली असे. १८९२ मध्ये मजुरांचा प्रतिनिधी म्हणून निवडून आलेला कीर हार्डी उंच हॅटऐवजी साधी कापडी टोपी घालून सभागृहात आला, तेव्हा तिचीच चर्चा जास्त झाली. त्याच निवडणुकीत मध्य फिन्सबरीतून दादाभाई नौरोजी निवडून आले होते. तुमचा खासदार सात वर्षे आधीचा आहे. त्याला चकचकीत रेशमी उंच हॅटच द्या. त्याने दिवाणखान्यात सभागृहाप्रमाणे हॅट घालून बसू नये, इतके मात्र पाहा.

स्त्रियांचे नियम पुरुषांच्या अगदी उलट, आणि इथे बहुतेक मराठी प्रयोग घसरतात. भेटीला आलेली स्त्री हॅट किंवा बॉनेट, म्हणजे हनुवटीखाली बांधायची टोपी, घालूनच बसते, हातमोजेही राहतात. चर्चमध्येही तिचे डोके झाकलेले, पुरुषाचे उघडे. घरची मालकीण मात्र उघड्या डोक्याने. म्हणजे दोन स्त्रिया चहा घेत बसल्या असतील, तर डोक्याकडे पाहूनच घर कोणाचे हे कळायला हवे. पाहुणीने बॉनेट सोडणे म्हणजे ती मुक्कामाला किंवा फार जवळिकीने आली आहे. संध्याकाळच्या पूर्ण पोशाखाबरोबर हॅट नाही. केसांत फूल, पीस किंवा दागिना. १८८५ च्या सुमाराला बाहेर जाण्याच्या स्त्रियांच्या हॅट उंच माथ्याच्या आणि अरुंद कडेच्या होत्या, बॉनेट लहान आणि हनुवटीखाली रिबिनीने बांधलेले. मोठ्या पसरट कडेच्या, पिसांनी लादलेल्या हॅट पुढच्या वीस-पंचवीस वर्षांतल्या. भाड्याच्या दुकानात त्याच जास्त मिळतात, म्हणून सावध राहा. पिसांचा सोस १८८५ मध्येही होताच. अख्खे पक्षी पेंढा भरून हॅटवर बसवत. त्याविरुद्ध १८८९ मध्ये मँचेस्टरजवळच्या डिड्सबरीत एमिली विल्यमसन यांनी स्त्रियांची संघटना उभी केली. आपल्याकडचे बगळेही या व्यापारात मारले गेले. अखेर १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली.

विधवा आईला घरातही पांढरी टोपी हवी, क्रेपची, म्हणजे बारीक चुण्यांच्या निस्तेज कापडाची, किंवा पातळ मलमलीची, कपाळावर मधोमध किंचित खाली आलेली. राणी व्हिक्टोरियाने १८६१ मध्ये पती वारल्यापासून अखेरपर्यंत अशी टोपी वापरली, तिची छायाचित्रे पाहून बेतता येईल. पुरुषांचा शोक हॅटच्या पट्ट्यावर दिसे. नेहमीच्या रेशमी फितीऐवजी निस्तेज काळ्या क्रेपचा पट्टा, आणि नाते जितके जवळचे तितका तो रुंद. बायको वारलेल्याचा पट्टा जवळजवळ माथ्यापर्यंत जाई. लांबच्या नातेवाइकासाठी दोन-तीन बोटे पुरत. क्रेप नसेल तर मंद काळे जॉर्जेट चालते, सॅटिन नको.

कोणाला काय द्यायचे हे आता पटकन. लंडनमध्ये फ्रॉककोटाबरोबर, म्हणजे गुडघ्यापर्यंतच्या लांब कोटाबरोबर, रेशमी उंच हॅट. ती खासदाराला आणि तरुणाला. साध्या कोट-पँटच्या जोडीला बोलर, म्हणजे गोल माथ्याची कडक हॅट. ती कारकुनाला. या जोड्या मोडू नका. आखूड कोटावर उंच हॅट दिसली की माणूस बँडवाला वाटतो. बोलरचा उगम १८४९ चा, एडवर्ड कोक यांनी लंडनच्या लॉक कंपनीकडून शिकार राखणाऱ्यांसाठी ती करवून घेतली, फांद्यांचा मार सोसेल अशी कडक आणि बुटकी. १८८५ पर्यंत ती शहरात कारकून आणि दुकानदारांच्या डोक्यावर आली होती. पुढेमागे छज्जे असलेली, कान झाकणारी ट्वीडची टोपी शेरलॉक होम्समुळे सर्वांना माहीत आहे, पण ती गावाकडच्या शिकारीची आणि प्रवासाची. लंडनच्या दिवाणखान्यात ती आणू नका. सपाट माथ्याची गवती हॅट, बोटर, उन्हाळ्यात, नदीकाठी. पोलिस आला तर त्याला हेल्मेट. लंडनच्या पोलिसांच्या उंच हॅट १८६३ नंतर गेल्या. घरातला नोकर उघड्या डोक्याने.

मुंबईच्या विद्यार्थ्याचा प्रश्न सर्वांत चांगला विचारला आहे. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या आणि दिग्दर्शकाने एक निवडली पाहिजे. तो स्वतःची पगडी घालून आला तर ती दिवाणखान्यातही डोक्यावर राहील. मान लवेल, पण हात डोक्याकडे जाणार नाही. त्याने इंग्रजी हॅट घातली तर हॅटचे सगळे नियम त्याला लागू झाले, आणि त्याने ती दारात काढली पाहिजे. पगडी काढायला लावणे किंवा हॅट आतही डोक्यावर ठेवू देणे, या दोन्ही चुका तेव्हाच्या माणसाला टोचल्या असत्या. असे वाद प्रत्यक्ष झाले आहेत. १८६२ मध्ये सुरतेत माणकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनी कोर्टात इंग्रजी बूट घालूनच जाण्याचा आग्रह धरला, कारण देशी जोडा बाहेर काढण्याची सक्ती इंग्रजी बुटाला का, असा त्यांचा सवाल होता. १८८८ मध्ये पुण्यात राणी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला जोतीराव फुले जाणूनबुजून गरीब शेतकऱ्याच्या वेशात, जीर्ण पागोटे आणि घोंगडी घेऊन गेले आणि तिथे शेतकऱ्यांची स्थिती मांडली. १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटने मोहनदास गांधींना पगडी काढायला सांगितली. त्यांनी नकार दिला आणि ते बाहेर पडले. पगडीऐवजी इंग्रजी हॅट घालावी असा विचार त्यांच्या मनात आला, तेव्हा त्यांना तिथे बोलावणारे व्यापारी दादा अब्दुल्ला यांनी तसे केल्यास लोक तुम्हाला वेटर समजतील असे सांगितले. पुढच्या वर्षी तिथल्याच नाताळ वसाहतीच्या वरिष्ठ न्यायालयात वकिलीची शपथ घेतल्यावर मुख्य न्यायाधीशांनी पगडी उतरवायला सांगितली आणि त्यांनी न्यायालयाची रीत म्हणून ती उतरवली. तुमच्या विद्यार्थ्याच्या मनात हीच ओढाताण दाखवायची असेल, तर पहिल्या अंकात पगडी आणि शेवटच्या अंकात हॅट हातात, एवढे पुरे. मात्र हॅट घेतल्यावर त्याचा हात क्षणभर चुकावा, सवयीने ती डोक्यावर राहावी आणि कोणाच्या नजरेने ती उतरावी. या एकाच पात्राला ही चूक शोभते.

आता बनवण्याचे. त्या काळची उंच हॅट लोकरीची नसे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बीव्हर या प्राण्याच्या केसांच्या फेल्टची, म्हणजे न विणता दाबून केलेल्या कापडाची, होती. १८३०-४० नंतर रेशमी प्लश, म्हणजे लव असलेले रेशमी कापड, आली. आत मलमलीचे थर लाखेच्या रोगणाने ताठ केलेले आणि वर ती प्लश. ही लाख आपल्याकडची, पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवरची, कलकत्त्याहून जाणारी. असली रेशमी प्लश आता विणली जात नाही, आणि जुन्या खऱ्या हॅट मिळाल्या तरी आजच्या नटांना बहुधा लहान पडतात. त्या ताणू नका, लाख तडकते. फेल्टच्या हॅटला पाऱ्याच्या क्षारांची प्रक्रिया केलेली असे, कारागिरांचे हात त्यानेच थरथरू लागत. म्हणून जुनी फेल्ट हॅट मिळालीच तर ती झटकू, घासू नका. प्रदर्शनापुरती ठेवा.

आपण लाखेचीच पद्धत वापरायची, मलमलीच्या जागी शिंप्याकडचे जाड बकरम, म्हणजे खळीने ताठ केलेले कापड. डोक्याचा घेर भुवयांच्या दोन बोटे वरून, कानांच्या वरून मोजा आणि त्यात १ सेंमी मिळवा. समजा ५७ सेंमी, तर हॅटचे तोंड ५८. इंग्रजी मापात ५७ म्हणजे ७ नंबर. डोके गोल नसते, हे विसरलात तर हॅट कपाळावर रुतते आणि कानांवर झुलते. ५८ सेंमीसाठी लंबगोल २० सेंमी लांब आणि १६.८ सेंमी रुंद काढा. माथ्याची चकती थोडी मोठी, २१ बाय १७.८. नळ्याची उंची १५ सेंमी, म्हणजे सहा इंच. १८५० च्या आसपास ती सात-आठ इंचांपर्यंत गेली होती. १८८५ ला तितकी उंची नको.

नळ्याचा कागदी नमुना आधी सरळ पट्टी म्हणून कापा: ५८ सेंमी लांब आणि १.५ सेंमी जोडासाठी. मग वरच्या काठावरून खाली आठ ठिकाणी काप द्या, तळ तुटू देऊ नका, आणि प्रत्येक काप वर ४ मिमी उघडा. पट्टी वाकून कमान होते आणि वरचा घेर सुमारे ३ सेंमी वाढतो, म्हणजे मोठी चकती बरोबर बसते. ही पायरी गाळून सरळ पट्टीची नळी केली की हॅट बाटलीच्या बुचासारखी दिसते, जादूगाराच्या टोपीचा भास इथूनच येतो. खाली १.५ सेंमीच्या करवती पाकळ्या ठेवा, त्या कडेला शिवायच्या. कड ५ सेंमी रुंद, म्हणजे बाहेरचा लंबगोल ३० बाय २६.८, परिघ साधारण ८९ सेंमी. सव्वा मिलिमीटर जाडीची तार ९५ सेंमी घ्या, टोके एकमेकांवर चढवून दोऱ्याने घट्ट बांधा आणि कडेला शिवा. नळा आणि चकतीला बकरमचे दोन थर, कडेला तीन.

बकरमचे थर फेव्हिकॉलने चिकटवण्याचा मोह होतो. करू नका. बकरमचा ताठपणा खळीचा असतो, पाण्याने ती सुटते आणि नळा एका बाजूला बसतो. फर्निचर पॉलिशवाल्याकडची चपडा लाख २५० ग्रॅम एक लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घाला, सकाळी ढवळून फडक्यातून गाळा. स्पिरिट खळ विरघळवत नाही. एका हॅटला पाव लिटर पुरते. दोन हात बाहेरून आणि एक आतून, प्रत्येक हात कोरडा झाल्यावर दुसरा. आतला हात टाळू नका, नटाचा घाम तिथूनच बकरममध्ये शिरतो आणि तिसऱ्या प्रयोगाला हॅट मऊ पडते. जवळ दिवा, शेगडी, विडी काही नको, स्पिरिट भडकते. ढगाळ ओल्या दिवशी लाख लावली तर ती पांढरट पडते, म्हणून पावसाळ्यात प्रयोग असेल तर कोरडा दिवस धरा.

कडेचा दुसरा हात अर्धवट वाळला असताना दोन्ही बाजू वर वळवायच्या. कड लाटण्यावर गुंडाळा, नाडीने बांधा आणि रात्रभर ठेवा. पुढची आणि मागची बाजू मात्र हाताने किंचित खाली दाबा. सपाट कडेची हॅट समोरून बघताना ताटली ठेवल्यासारखी दिसते.

वरचे कापड निवडताना चकाकी पाहा. साधी मखमल प्रकाश गिळते, हॅट काळे भोक दिसते. सॅटिन सुरकुत्या दाखवते. एका दिशेला दाबून बसवलेल्या लवेची पॅन मखमल सर्वांत जवळ जाते. लव सगळीकडून एकाच दिशेने फिरली पाहिजे, आणि नळ्यावरचा जोड उभा न घेता तिरका घ्या, जुन्या कारागिरांचा जोडही तिरकाच असे, त्यावर लव झाकली जाते. कापड वाकड्या सुईने शिवा. पातळ मखमलीतून डिंक वर येतो आणि डाग राहतो. कडेच्या टोकाला १ सेंमीची काळी फीत, नळ्याच्या तळाला कणीदार रेशमी रिबन, गाठ डाव्या बाजूला. आत ४ सेंमी रुंद मऊ चामड्याची किंवा रेक्झिनची पट्टी फक्त खालच्या काठाने शिवा, म्हणजे दुसऱ्या नटाचे डोके लहान असले तर तिच्यामागे कागदाची घडी सरकवता येते. पूर्ण हॅट पाव किलोच्या आत राहिली पाहिजे. जड झाली की उचलताना नटाचे खांदे हलतात.

घालताना कड भुवयांच्या दोन बोटे वर, जवळपास सपाट, फार तर एका बाजूला किंचित कललेली. मागे ढकललेली हॅट म्हणजे दारू प्यायलेला किंवा उनाड माणूस. दिव्यांमुळे कडेची सावली डोळ्यांवर पडते आणि नट नकळत हॅट मागे सरकवू लागतात. प्रकाशयोजनाकाराशी आधीच बोलून समोरचे दोन दिवे खाली उतरवून घ्या. दिवाणखान्यात ही अडचण येत नाही, तिथे हॅट हातातच आहे. रस्त्याच्या प्रवेशापुरती काळजी घ्या.

दौऱ्यावर हॅट टेम्पोच्या पुढच्या काचेशी ठेवू नका. उन्हात तापलेल्या जागी लाख मऊ होते आणि कड परत सपाट होते. विंगेत हॅलोजन दिव्याखालीही नको. प्रत्येकीला स्वतंत्र डबा, आत नळ्यात कागदाचा बोळा, हॅट माथ्यावर उभी. प्रयोगानंतर आतली पट्टी कोरड्या फडक्याने पुसा, नळा मऊ रेशमी रुमालाने लवेच्या दिशेनेच फिरवा. उलट हात फिरला तर लव उभी राहते, ती वाफेच्या हलक्या झोताने आणि पुन्हा रुमालाने बसते, पण वाफ दोन-तीन सेकंदांहून जास्त देऊ नका, खालची लाख वितळेल. हॅटमागे एक रुमाल आणि थोडी काळी रिबन, वाकडी सुई डब्यात कायम असू द्या. मध्यंतरात कडेची फीत सुटते ती बहुतेक वेळा डाव्या बाजूला, कारण हातात धरलेली हॅट डाव्या अंगाला घासते.